मुका मार

मैदानात कुणी डोक्यावर आपटलं, की ते खुर्चीवरून उठायचे, माझ्या टेबलापाशी यायचे आणि माइकची पिन उपटायचे. ओरडणं नाही, हातवारे नाहीत. पिन पांढऱ्या शर्टाच्या खिशात टाकायची आणि मैदानात चालू लागायचं. काम झालं की पिन परत माझ्या हातात. “घ्या भोंगेवाले, आता वाजवा.”

भोंगेवाले म्हणजे मी. दिवसा रांजणगावच्या एमआयडीसीत क्वालिटीला असतो, राहतो कारेगावात, आणि सुट्टीच्या दिवशी शिरूर-दौंडच्या गावोगावी कबड्डीच्या सामन्यांचं निवेदन करतो. आवाज बरा आहे असं लोक म्हणतात. माझं स्वतःचं मत विचाराल तर फारच चांगला आहे. अशा माणसाची पिन भर सामन्यात कुणी उपटली तर काय होतं, हे ज्यानं हातात माइक धरलाय त्यालाच कळेल. पहिल्या वेळी मी त्यांना चारचौघांत नाही नाही ते बोललो होतो. आज ते नाहीत, आणि सामना रंगात आला की मी उगाचच त्या पिनेकडे बघतो.

सगळे त्यांना ड्रेसरमामा म्हणत. दौंडला रेल्वेच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, टाके काढणं यात सारी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, शेताच्या बांधावरून भावाशी भांडतात. हे घडीची लोखंडी खुर्ची, निळी रेक्झिनची पिशवी आणि बर्फाची किटली घेऊन कबड्डीच्या मैदानाच्या कडेला येऊन बसायला लागले. कुणी बोलावलेलं नसे आणि कुणी हटकतही नसे. शुक्रवारी सामना असला की नमाज आटोपून तसेच यायचे, जाळीची टोपी घडी करून पिशवीत ठेवायचे आणि बर्फ फोडायला घ्यायचे.

आता एक शब्द सांगतो. तुम्हीही तो शंभरदा वापरला असेल. मुका मार. रक्त नाही, खोक नाही, हाड जागच्या जागी, म्हणजे मुका मार. आणि मुका मार म्हणजे काही नाही, हळद लावा आणि कामाला लागा. पाठीला लागलं तरी हेच आणि डोक्याला लागलं तरी हेच. मामांच्या कानावर हा शब्द पडला की ते बोलणाऱ्याकडे मान वळवायचे. “मुका हाय म्हंजी लागलंच न्हाई व्हय? मुक्याला दुखत न्हाई का? त्येला बोलता येत न्हाई, एवढंच. बोलतं आपन करायचं आसतं.”

मला हे कळायला एका पोराचं वर्ष वाया जावं लागलं.

शिरूरजवळच्या एका जत्रेतले सामने होते. आमच्या कारेगावचा चढाईपटू पकडीत उलटा आला आणि त्याचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आदळलं. क्षणभर निपचित. मग नेहमीचं सगळं झालं. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी डोक्यावर कळशी ओतली, आणि पोरगा उठून बसला. मी माइकवर होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. “वाघ उठलाय मंडळी, टाळ्या होऊ द्या.” टाळ्या झाल्या. एवढ्या टाळ्या पडल्यावर कुठला तरणाताठा पोरगा म्हणेल, की मला जरा आडवं होऊ द्या? तो खेळायला उभा राहिला. एक चढाई करून आला आणि पुढच्या चढाईच्या वेळी शांतपणे चालत जाऊन समोरच्या संघाच्या साखळीत त्यांचा हात धरून उभा राहिला.

लोक हसले. मी आणखी हसवलं. “पाहुण्यांकडं जेवायचा बेत दिसतोय आमच्या वाघाचा.”

तेव्हा गर्दीतून एक म्हातारा आला आणि त्यानं पिन उपटली. “त्याला सोताचा संघ कळंना झालाय, आन् तुम्ही लोकांना हसवताय?” मी पिन हिसकावून परत लावली, त्यांना नाही नाही ते बोललो, सामना चालू राहील असं ठणकावून सांगितलं. पंचांनी शिट्टी मारली. दुसऱ्याच पकडीत तो पोरगा चार जणांखाली गेला आणि या वेळी कांद्यानं काही झालं नाही.

तो वाचला. पण वर्षभर त्याचं डोकं दुखत राहिलं. उजेड सोसायचा नाही, मशिनच्या आवाजानं मळमळायचं. कंपनीतली शिफ्ट सुटली, कबड्डी तर सुटलीच. आता तो बरा आहे, कारेगावात किराणा दुकान चालवतो, मला पाहून हसतोही. त्याच्या दुकानावरून जाताना मी मात्र अजून हॉर्न वाजवत नाही.

मी माफी मागायला दौंडला गेलो. रेल्वे लाइनीपलीकडे मामांचं घर होतं. ओट्यावर बसून ते धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत होते. मी तोंड उघडायच्या आत एक पट्टी माझ्या हातात दिली. “धरा हे टोक.” मी टोक धरून बसलो, ते गुंडाळत राहिले. अपमान करतील असं वाटलं होतं, पण त्यांनी सगळं समजावून सांगितलं. यार्डात शंटिंग करणारी माणसं डब्याच्या कडेला डोकं आपटून यायची, काय न्हाई म्हणत पुन्हा रुळात उतरायची. दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी मामांना तेव्हा शिकवलं होतं, की माणूस बेशुद्ध पडला नाही तरी डोकं हललेलं असू शकतं. आणि हललेल्या डोक्यावर दुसरा मार बसला तर तो पहिल्यासारखा नसतो.

“मी डॉक्टर न्हाई,” मामा म्हणाले. “माझं काम थांबवायचं आन् डॉक्टरकडं धाडायचं. शंका आली तरी त्या दिवशी खेळ बंद. पर शंका यायला त्याचं बोलणं ऐकू यावं लागतं. आन् तुमचा भोंगा चालू आसला की कुणाचं काय ऐकू येतंय?”

त्या दिवशी करार झाला. डोक्याला लागलं की पिन त्यांची.

मैदानात गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. “भाजी कुठली खाल्ली?” बघणाऱ्यांना गंमत वाटायची. म्हाताऱ्याला भूक लागली वाटतं, असं कुणी म्हणायचं. मीही एकदा विचारलं, की मामा, नाव विचारावं, गाव विचारावं, भाजी कशाला? ते म्हणाले, “नाव तर झोपेतबी सांगत्यात. नाव जुनं आसतं. भाजी आजची आसती.”

दुसरा प्रश्न रेल्वेवाल्याचा. दौंडहून पुण्याला जाताना लागणारी स्टेशनं उलटी म्हणायची. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, असं करत दौंडपर्यंत. सामन्याच्या आधी ते दोन्ही संघांतल्या एकेकाला बोलावून ही स्टेशनं म्हणून घ्यायचे आणि कोण किती अडखळतो ते वहीत टिपायचे. एका पायावर उभं करायचे, तेही टिपायचे. “धडधाकट आसताना कसा हाय त्येच म्हाईत नसंल, तर बिघडलाय हे कळायचं कसं?” शिरूर तालुक्यातली पोरं कुरकुरायची. आमच्याकडं रेल्वे कुठाय मामा? तालुक्याला रेल्वे नाही हे आमचं जुनं दुखणं, त्यावर हे मीठ. मग आमच्या पोरांसाठी त्यांनी शिरूर-पुणे एसटीचे थांबे घेतले. मी स्वतः म्हणून पाहिले. वाघोलीपासून उलटं येताना सणसवाडी विसरलो. मामांनी वहीत माझंही नाव लिहून घेतलं.

आणि इथंच आपल्या लोकांनी आपली अक्कल दाखवली. वरवंडच्या एका सरांच्या ध्यानात आलं, की मामा स्टेशनं विचारतात आणि अडखळला की बाहेर बसवतात. सर मुलींच्या संघाचे कोच होते. माणूस वाईट नव्हता, संघासाठी जीव टाकायचा. त्यांनी काय करावं? सकाळच्या सरावात बैठका मारताना मुलींकडून उलटी स्टेशनं पाठ करून घ्यायला सुरुवात केली. हडपसर, खाली. मांजरी, वर. लोणी, खाली. महिन्याभरात सगळ्या पंचक्रोशीत ही साथ पसरली. दौंड तालुक्यातल्या कुठल्याही कबड्डीपटूला त्या काळात मध्यरात्री उठवून विचारलं असतं, तरी त्यानं पुणे ते दौंड गाडी विनाथांबा आणली असती. मामांना हे कुणी सांगितलं नाही. मला माहीत होतं. मीही सांगितलं नाही, कारण मला त्यात विनोद दिसला होता.

सरांच्या संघात प्रज्ञा होती. वरवंडची, बारावीला, अंगानं काटकुळी, पण चढाईला गेली की समोरच्या मुली मागं मागं सरकायच्या. तिचे वडील दूध संकलन केंद्रावर कामाला. त्यांनी तिला एक वर्ष दिलं होतं. या वर्षी जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर खेळायचं, नाही तर नर्सिंगचा फॉर्म भरायचा आणि मैदानाकडे फिरकायचं नाही. फॉर्म आणून कपाटात ठेवलेला होता. हे तिनंच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं, पण सांगताना बुटाची नाडी तीनदा सोडून बांधली होती.

यवतला उपांत्य सामना होता. जिल्ह्याची निवड चाचणी सोळा दिवसांवर होती आणि निवड समितीतले दोघे जण पुढच्या रांगेत बसले होते. प्रज्ञानं पहिल्या डावात समोरच्या संघावर लोण चढवला. दुसऱ्या डावात निसटताना एकीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती पडली आणि लगेच उठलीही. हात वर करून दाखवला, काही नाही म्हणून. सर ओरडले, “मुका मार हाय, चालू द्या.” माझ्या हातातला माइक तोवर गप्प झाला होता. पिन मामांच्या खिशात गेली होती.

मामा तिच्यासमोर उकिडवे बसले. “भाजी कुठली खाल्ली, बाळा?”

प्रज्ञानं समोर बघत सुरुवात केली. “हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस, दौंड.”

एकदाही अडखळली नाही. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी मूठ हवेत उडवली, आणि मीही माइकशिवायच ओरडलो, की पास झाली. मामा हलले नाहीत. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि सरांना म्हणाले, “मी स्टेशनं विचारलीच न्हाईत.”

मामांनी पुन्हा विचारलं, अगदी हळू, “प्रज्ञा, सकाळी भाजी कुठली खाल्लीस?” ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, “मामा, मॅच कवा चालू व्हायची?”

पाठ केलेलं जसंच्या तसं बाहेर पडलं होतं आणि आजचा अख्खा सामना आत कुठंतरी हरवला होता. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला खोटं बोलायला शिकवलं होतं, आणि ते खोटं तिच्या मेहनतीनं, बैठका मारून पाठ झालं होतं.

मामांनी तिला बाहेर नेलं. संघ दोन गुणांनी हरला. सर मामांच्या अंगावर धावून आले. “तुमचं डोकं ठिकाणावर हाय का? पोरीचं वरीस घालवलंत तुम्ही.” मामा तिच्या मानेखाली हात देऊन तिला नीट बसवत होते. “माझं हाय,” ते म्हणाले. “तिचं ठिकाणावर यायची वाट बघतोय.”

यवतमधल्या डॉक्टरांनी तिला तपासलं. तिथं तिला एक उलटी झाली, म्हणून त्यांनी स्कॅनला पाठवलं. स्कॅन नॉर्मल आला. संध्याकाळी सरांचा मला फोन. “नॉर्मल हाय सगळं. त्या म्हाताऱ्याला सांगा जरा.” मी ते मामांना सांगितलं. मामा हसले. “नॉर्मल आला ही लई चांगली गोष्ट. आत रक्त न्हाई. पर फोटोत मार दिसत न्हाई, म्हणून तर त्येला मुका म्हणत्यात ना?”

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. दोन दिवस आराम, मोबाइल नाही. रात्रभर जागं ठेवायची गरज नाही, झोपू द्या. पण डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा उलट्या झाल्या, उठवून उठेना, तर थेट दवाखान्यात आणा. मग पायरीपायरीनं शाळा, चालणं, पळणं, सराव. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. त्रास झाला तर खालच्या पायरीवर. पकडीचा खेळ डॉक्टरांनी पुन्हा पाहिल्यावरच. हे सगळं त्यांनी एका कागदावर लिहून दिलं. मामांनी तो कागद घेतला आणि एकेका पायरीसमोर स्टेशनांची नावं घातली.

अंगणात चालणं म्हणजे पाटस. अर्धा दिवस शाळा, कडेठाण. यवतला पोचली की वेगानं पळायचं. उरुळीला एकटीनं चढाई, कुणी शिवायचं नाही. पुणे म्हणजे सामना. “डोकं दुखलं की गाडी एक स्टेशन मागं घ्यायची,” मामांनी प्रज्ञाला बजावलं. “रेल्वेत आसं करत न्हाईत. पर तू काय रेल्वेची नोकर न्हाईस.”

दर दोन दिवसांनी मामा शटलनं कडेठाणला उतरायचे आणि मिळेल त्या वाहनानं वरवंडला जायचे. रविवारी मी मोटारसायकलवर त्यांना घ्यायला जायचो. माझी जीभ तेव्हा जरा आखडलेलीच होती. एकदा वाटेत मी त्यांना सांगून टाकलं, की पोरांनी स्टेशनं पाठ केलेली मला ठाऊक होतं. मग मागून आवाज आला, “चूक माझी हाय. एकच प्रश्न मी पाच वरसं इचारत बसलो. परीक्षेचा पेपर आसा कुणी काढतं व्हय?”

प्रज्ञा भराभर पुढं चालली होती. खुटबाव, यवत, उरुळी. घरचे खूश, सर खूश. फक्त मी पाहिलं, की मामा घरात शिरले की आधी दाराकडं पाठ करून उभे राहायचे, म्हणजे तिला उजेडाकडं तोंड करून बोलावं लागायचं. ती डोळे बारीक करायची. मामा वहीत काहीतरी लिहायचे आणि चहा पिऊन उठायचे.

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी आम्ही वरवंडला गेलो. अंगणात सर होते, वडील होते. जीप ठरली होती. डॉक्टर दुपारी तपासणार होते, पण त्यांनाही विचारावं तिलाच लागणार होतं. स्कॅन नॉर्मल, चालणं नॉर्मल, बोलणं नॉर्मल. आत ठोके पडतात की नाही हे सांगणारं त्या अंगणात एकच माणूस होतं, आणि ते सोळा-सतरा वर्षांचं होतं.

मामांनी खुर्ची तिच्यासमोर ओढली. “गाडी कुठं हाय?”

प्रज्ञानं सरांकडे पाहिलं. मग वडिलांकडे. वडील घरात, कपाटाच्या दिशेनं बघत होते. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती, धीर देणारी, विनोदी, सगळी चांगली. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःची पिन स्वतः काढली.

“मांजरी,” ती म्हणाली.

मामांनी मान हलवली. “मांजरी. बरं.” वही उघडली, पेन काढलं, आणि लिहिलं नाही. तसेच बसून राहिले. शेजारच्या गोठ्यात कुणीतरी बादली ठेवली, तो आवाज झाला आणि प्रज्ञानं कपाळ दाबलं.

“यवत,” ती म्हणाली. आवाज एवढा लहान, की भोंगा सोडा, पंखा चालू असता तरी ऐकू आला नसता. “मी यवतच्या फुडं गेलेच न्हाई मामा. चार दिस झालं. पळलं की डोक्यात ठोकं पडत्यात. मी खोटं सांगत हुते. उद्या गेले न्हाई तर ह्यो फॉर्म भरायचाय, म्हणून.”

मामांनी वही मिटली. तिच्या डोक्यावर हात ठेवला, अगदी अलगद, जखमेवर ठेवावा तसा. “बोलला गं,” ते म्हणाले. “मुका मार बोलला.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. मी तर तोंड फिरवून मोटारसायकलची किल्ली शोधायला लागलो, जी माझ्या हातातच होती.

सर निघून गेले. जीप रद्द झाली. प्रज्ञाचे वडील उठले, आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला. फॉर्म घेऊन बाहेर आले. प्रज्ञा मान खाली घालून बसली होती. त्यांनी तो फॉर्म मामांच्या हातात दिला. “मामा, ह्यो तुमच्याकडं ठेवा. पुढल्या सालाला लागला तर मागून घेईन. खोटं बोलून जाता येत आसताना जी थांबली, तिला आजून एक वरीस द्यायला पायजे.”

मामांनी फॉर्मची घडी घातली आणि पिशवीत ठेवला, जाळीच्या टोपीशेजारी.

पुढं सगळं सावकाश झालं, आणि म्हणूनच नीट झालं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, प्रज्ञा दोन स्टेशनं मागं आली, मग एकेक करत पुढं गेली. तीन आठवड्यांनी तिनं पहिली पकड खाल्ली आणि उठून आधी मामांकडे पाहिलं, मग पंचांकडे. सरांना राग सोडायला दिवाळी उजाडली. पण सोडला तो असा सोडला, की बैठकांबरोबरची स्टेशनं त्यांनी स्वतः बंद केली आणि डोक्याला लागलं की मुलीच सांगतील असा नियम घातला. जी लपवेल ती पुढचे तीन सामने बाहेर, आणि जी सांगेल तिची संघातली जागा पक्की. मी त्यांना भर मैदानात माइकवरून धन्यवाद दिले. मामा खुर्चीवरून म्हणाले, “आवाज थोडा कमी.”

त्यानंतर मामांचे गुडघे थकले. लेक त्यांना मिरजेला घेऊन गेली. जाताना मला म्हणाले, की तेबी जंक्शनच हाय, झोप लागंल. गेल्या थंडीत ते तिथंच गेले, झोपेत. मला कळलं तेव्हा मी लाइनवर होतो. सुपरवायझरला सांगून बाहेर आलो आणि कंपनीच्या गेटजवळ बसून रडलो. वॉचमननं विचारलं, कौन था? मला नातं सांगता येईना.

आता मैदानाच्या कडेला त्यांची घडीची खुर्ची असते. मिरजेला जायच्या आधी ती त्यांनी माझ्या घरी आणून टाकली होती. सामन्याला मी ती उघडून ठेवतो. कुणी डोक्यावर आपटलं की पिन मीच उपटतो आणि खिशात टाकतो. लोकांना आता सवय झालीय. प्रज्ञा खेळत नसेल त्या दिवशी प्रश्न ती विचारते, आणि दर वेळी वेगळे विचारते.

पण मामांचं शेवटचं बोलणं सांगायचं राहिलं. ते जायच्या दोन महिने आधीची गोष्ट. पुण्याला निवड चाचणी झाली आणि प्रज्ञाचं नाव यादीत आलं. तिचे वडील, ती आणि मी, तिघे दुपारच्या शटलनं परत निघालो होतो. मोटारसायकली नेहमीप्रमाणे केडगाव स्टेशनवर लावल्या होत्या. गाडी सुटल्या सुटल्या तिनं मिरजेला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“मामा, झालं,” ती म्हणाली. पलीकडून फक्त श्वास ऐकू आला. खिडकीबाहेर बघत तिनं स्टेशनं सांगायला सुरुवात केली, एकेक आलं की. हडपसर. मांजरी. लोणी. मध्ये गाडी थांबायची, माणसं चढायची-उतरायची, आणि फोन तसाच चालू. उरुळी. यवत आलं तेव्हा ती जरा थांबली आणि मग यवतही म्हणाली. खुटबाव.

तेव्हा मामांचा आवाज आला. बारीक झाला होता, पण तोच.

“मी स्टेशनं विचारलीच न्हाईत. भाजी कुठली खाल्ली?”

प्रज्ञा हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. “शेपू, मामा. त्या दिवशीबी शेपूच हुती म्हणं. मला आवडत न्हाई.”

“बरं,” मामा म्हणाले. “मग आता पिशव्या घ्या. केडगाव आलं आसंल.”

आम्ही खिडकीबाहेर पाहिलं. केडगाव आलं होतं.